पळाला, निसटला, पसार झाला: इंग्रजीत नेमकं कोणतं क्रियापद?

‘लघुशंकेच्या बहाण्याने आरोपीची पोलिसांच्या हातावर तुरी देऊन धूम.’ असलं शीर्षक मराठी वृत्तपत्र वाचणाऱ्याला नवीन नाही. एका ओळीत सगळं कळतं: माणूस ताब्यात होता, राखणदारांना फसवलं, वेगाने गेला. आता हीच ओळ इंग्रजीत लिहायला घ्या. पहिल्यांदा हाताशी येतं ते ‘रन अवे’. ते पोरकट वाटलं की एस्केप, फ्ली, अ‍ॅबस्काँड यांतलं जे आठवेल ते उचललं जातं, कारण शब्दकोशात या सगळ्यांपुढे ‘पळून जाणे’ एवढंच छापलेलं असतं.

गोची तिथेच आहे. इंग्रजीकडून मराठीकडे आलं की दहा शब्द एकाच खुंटीला टांगले जातात. उलट दिशेने निघालं तर काम सोपं होतं, कारण मराठीत हे भेद आपल्या कानाला पाठ आहेत. निसटणे म्हणजे पसार होणे नव्हे, जीव घेऊन पळणे म्हणजे काढता पाय घेणे नव्हे, आणि परागंदा होणे तर वेगळीच गोष्ट. म्हणून इंग्रजी क्रियापद निवडण्याआधी ‘पळून गेला’ हे वाक्य खोडायचं आणि तिथे नेमकं मराठी क्रियापद घालून बघायचं. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

‘निसटला’ किंवा ‘सुटला’ असं म्हणता येत असेल तर एस्केप. हा शब्द मुळात लॅटिनमधल्या ‘काप्पा’ म्हणजे अंगावरच्या झग्यावरून आला: पकडणाऱ्याच्या हातात झगा राहिला आणि माणूस बाहेर. हे चित्र डोक्यात ठेवलं की बाकीचं आपोआप येतं. एस्केपमध्ये दोन गोष्टी लागतात. आधी पकड हवी, मग ती सुटलेली हवी. १७ ऑगस्ट १६६६ला शिवाजी महाराज आग्र्याहून निघाले त्याला आपण ‘आग्र्याहून सुटका’ म्हणतो, पलायन म्हणत नाही, आणि इंग्रजीतही त्याला ‘एस्केप फ्रॉम आग्रा’च म्हणतात. पहारा होता आणि तो फोल ठरला, म्हणून.

पुढे पुन्हा पकडलं गेलं तरी एस्केप झालेलं खोटं ठरत नाही, फक्त तेवढी सुटका आधी व्हायला हवी. ८ जुलै १९१०ला सावरकरांनी मार्सेलिसच्या बंदरात बोटीच्या खिडकीतून उडी घेतली, पोहून किनारा गाठला आणि थोड्याच वेळात ते पकडले गेले. बोटीतून ‘एस्केप्ड’ म्हणता येतं. पण सगळा प्रसंग सांगताना ‘अटेम्प्टेड टु एस्केप’ किंवा ‘एस्केप अटेम्प्ट’ हेच जास्त चोख, कारण हेतू होता इंग्रजांच्या ताब्यातून कायमचं सुटण्याचा आणि तो तडीस गेला नाही.

एस्केपची खरी मेख मात्र ‘फ्रॉम’मध्ये आहे. ‘द मॅन एस्केप्ड फ्रॉम प्रिझन’ म्हणजे तो आत होता आणि भिंत ओलांडून गेला. ‘द मॅन एस्केप्ड प्रिझन’ याचा सरळ अर्थ असा की त्याला कैद झालीच नाही; दंडावर भागलं किंवा शिक्षा तहकूब झाली. एक छोटं शब्दयोगी गळालं आणि माणूस तुरुंग फोडणाऱ्याचा तुरुंगातून वाचणारा झाला. बातम्यांच्या घाईत इंग्रजीभाषकही हे सांभाळत नाहीत, पण लिहिणाऱ्याने सांभाळावं. नियम असा: ज्याच्या आत होतो त्याच्यापुढे ‘फ्रॉम’, जे अंगावर येणार होतं आणि आलं नाही त्याच्यापुढे काही नाही. ‘एस्केप डेथ’, ‘एस्केप पनिशमेंट’, ‘एस्केप नोटिस’ या सगळ्यांत ‘फ्रॉम’ नको. नाव आठवत नाही तेव्हाचं ‘द नेम एस्केप्स मी’ हेही याच रांगेतलं. इथे निसटतं ते नाव, आपण नाही.

यातूनच अपघाताच्या बातम्यांत एक गंमत होते. ‘ट्रक उलटला, चालक पळून गेला’ याचं कुणी ‘द ड्रायव्हर एस्केप्ड’ केलं तर इंग्रजी वाचणारा समजतो की चालक बचावला. ‘एस्केप्ड अनहर्ट’, ‘एस्केप्ड विथ मायनर इंज्युरीज’, ‘नॅरो एस्केप’ ही अपघाताच्या बातमीतली ठरलेली भाषा आहे आणि तिचा अर्थ ‘थोडक्यात वाचला’ एवढाच. पळून गेलेल्या चालकासाठी ठरलेला प्रयोग ‘फ्लेड द सीन’.

आता फ्ली. मराठीत ‘जीव घेऊन पळाला’, ‘पळ काढला’ हे बसत असेल तर हा शब्द. यात पकड लागत नाही, धोका लागतो. आणि सगळं लक्ष निघून जाण्यावर असतं. पोचला की नाही, सुटला की नाही, याबद्दल क्रियापद गप्प आहे. दुसरा बाजीराव नोव्हेंबर १८१७मध्ये इंग्रजांपुढून पुणं सोडून निघाला आणि पुढचे काही महिने फौजेसह गावोगाव फिरत राहिला. जून १८१८मध्ये ब्रिटिश अधिकारी माल्कमला शरण आला. इथे ‘फ्लेड पूना’ अगदी बरोबर आणि ‘एस्केप्ड’ अगदी चूक. लोकांनी त्याला ‘पळपुटा’ म्हटलं, ‘निसटलेला’ म्हटलं नाही. मराठी बोलणाऱ्यांनी एका शब्दात केलेला हा निवाडा एस्केप आणि फ्ली यांतला फरक सांगायला पुरेसा आहे.

फ्ली वापरताना तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, रूपं: फ्ली, फ्लेड, फ्लेड. ‘फ्ल्यू’ आणि ‘फ्लोन’ ही उडण्याची रूपं आहेत, ‘फ्लोड’ हे वाहण्याचं. ‘द थीफ फ्ल्यू टु गोवा’ म्हटलं की चोर विमानाने गेला. ते खरंही असू शकतं, पण मग पळाला हे वेगळं सांगावं लागेल. दुसरं, ‘फ्ली अवे’ लिहिण्याचा मोह. जुन्या धार्मिक ग्रंथांच्या इंग्रजीत ते सापडतं, आजच्या लेखनात ‘अवे’ फाजील आहे. तिसरं, बोलण्यात वापरणं. फ्ली हा छापील शब्द आहे. ‘कुत्रा मागे लागला म्हणून पळालो’ हे मित्राला सांगताना ‘आय फ्लेड’ म्हणाल तर तो हसेल; तिथे ‘आय रॅन’ पुरे. आणि ‘फ्रॉम’ची कटकट इथे कमी आहे: ‘फ्लेड द कंट्री’, ‘फ्लेड द व्हिलेज’ असं थेट कर्म चालतं, माणसाच्या किंवा प्राण्याच्या धास्तीने पळाला तर ‘फ्लेड फ्रॉम’ घालतात. परागंदा होणे यालाही ‘फ्ली द कंट्री’ हाच जवळचा प्रयोग, फक्त परागंदामध्ये घरदार उधळलं जाण्याची जी छटा आहे ती इंग्रजीत वेगळी सांगावी लागते.

रेफ्युजी आणि फ्युजिटिव्ह ही लॅटिनमधल्या ‘पळणे’ या धातूची भावंडं. शेतातल्या सेंट्रिफ्यूगल पंपातला ‘फ्यूगल’ही तोच: केंद्रापासून पळणारा. रेफ्युजी धोक्यापासून पळतो, फ्युजिटिव्ह कायद्यापासून. २०१८च्या कायद्यातला ‘फ्युजिटिव्ह इकॉनॉमिक ऑफेंडर’ म्हणजे १०० कोटी किंवा त्याहून मोठ्या रकमेच्या गुन्ह्यात वॉरंट निघालेला आणि खटला चुकवायला देश सोडून गेलेला, किंवा बाहेर असून परत यायला नकार देणारा. देशाबाहेर असणं हा तिथला मुद्दा आहे, म्हणून तिथे ‘अ‍ॅबस्काँडर’ शब्द घेतलेला नाही.

मग अ‍ॅबस्काँड म्हणजे काय? फरार, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण ‘फरार’ हा अरबी शब्द पळण्याचा आहे, आणि लॅटिन ‘अ‍ॅबस्काँडेरे’ लपवण्याचा. हा फरक शोभेचा नाही. आपल्याच घराच्या माळ्यावर दडून बसलेला आणि समन्स घेऊन आलेल्या शिपायाला ‘घरी नाहीत’ असं सांगायला लावणारा माणूससुद्धा अ‍ॅबस्काँड करतोय. गाव सोडावंच लागतं असं नाही. जुलै २०२४पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४मध्ये वॉरंट बजावता येऊ नये म्हणून फरार झालेल्या किंवा लपलेल्या माणसाविरुद्ध न्यायालय जाहीरनामा काढू शकतं, आणि हजर व्हायला किमान ३० दिवस द्यावे लागतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ८२ होतं.

म्हणजे अ‍ॅबस्काँडला तीन गोष्टी लागतात: गुपचूप जाणं किंवा लपणं, कुठलं तरी बंधन किंवा जबाबदारी मोडणं, आणि आता हाती न लागणं. पैसे घेऊन गेला तर ‘अ‍ॅबस्काँडेड विथ द फंड्स’. पतसंस्थेचा सचिव ठेवी घेऊन पसार होतो तिथे हा शब्द चपखल बसतो. पूर आला म्हणून लोक गाव सोडून गेले तिथे तो लावला तर पूरग्रस्तांवर गुन्हा दाखल केल्यासारखं होतं.

भारतीय कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागाने या शब्दाला स्वतःचा एक अर्थ चिकटवला आहे. पुण्याच्या हिंजवडीत किंवा मुंबईत कुणी नोटीस न देता कामावर यायचं बंद झालं की पत्रात ‘अ‍ॅबस्काँडिंग’ असं लिहून येतं. भारतात हे सर्रास चालतं आणि समजतंही. पण तेच पत्र लंडनच्या किंवा न्यू जर्सीच्या कार्यालयात गेलं तर वाचणाऱ्याला वाटतं, गड्याने तिजोरी साफ केली. तिकडे याला ‘जॉब अ‍ॅबँडनमेंट’ म्हणतात, दोनतीन दिवस न कळवता गैरहजर राहिला तर ‘नो कॉल, नो शो’. परदेशी शाखेला मेल करताना हा एक शब्द बदलावाच.

शब्द कोण वापरतंय यावरही बरंच अवलंबून असतं. जानेवारी १९४१मध्ये सुभाषचंद्र बोस कलकत्त्यातल्या एल्गिन रोडच्या घरातून, नजरकैदेतून, वेष पालटून निघाले. आपण त्याला एस्केप म्हणतो. त्यांच्यावर खटला चालवणाऱ्या सरकारच्या चष्म्यातून पाहिलं तर तेच अ‍ॅबस्काँड करणं. घटना तीच, तारीख तीच. क्रियापद बदललं की बाजू बदलली. अनुवाद करताना मूळ लेखक कुणाच्या बाजूने बोलतोय हे न बघता शब्द टाकला तर तिथेच घात होतो.

वरच्या शीर्षकाकडे परत येऊ. ‘हातावर तुरी देणे’ याला इंग्रजीत जवळजवळ जुळा भाऊ आहे: ‘गिव्ह समवन द स्लिप’. पण तो बोलीतला. बातमीत लिहायचं तर ‘एस्केप्ड फ्रॉम पोलीस कस्टडी’, कारण ताबा होता. ‘धूम’ वेगळी सांगायची तर ‘अँड फ्लेड ऑन फूट’. अजून सापडला नसेल तर ‘रिमेन्स अ‍ॅट लार्ज’. मराठीतल्या एका ‘पसार’मध्ये जाणं आणि न सापडणं दोन्ही येतं, इंग्रजीत त्याचे दोन तुकडे करावे लागतात. मराठीतून इंग्रजी करणारे इथे हमखास अडकतात, कारण ते एकाच क्रियापदात दोन्ही कोंबायला बघतात.

चोरांसाठी आपल्याकडच्या इंग्रजी वृत्तपत्रांचा लाडका शब्द ‘डिकँप’: ‘डिकँप्ड विथ गोल्ड ऑर्नामेंट्स’. मूळ अर्थ फौजेचा तळ उठवणे. ब्रिटनमध्ये आज तो क्वचित आणि जरा मिश्कीलपणे येतो. साधं ‘मेड ऑफ विथ’ घालावं; आपल्या ‘पोबारा केला’ची चव त्यात बऱ्यापैकी उतरते.

इलोपवर मात्र जरा थांबायला हवं, कारण या शब्दाचे सर्वांत जास्त हाल होतात. इलोप म्हणजे दोघांनी संगनमताने, घरच्यांना चुकवून, लग्नासाठी जाणं. लग्नाचा हेतू गेला की शब्द पडला. ‘कॅशियर इलोप्ड विथ द कॅश’ असं वाक्य खरोखर छापून येतं. त्याचा अर्थ कॅशियरने नोटांच्या बंडलांशी लग्न लावलं असा होतो. दुसरी चूक गंभीर आहे. ‘पळून गेली’ आणि ‘पळवून नेली’ यांत मराठीत एका ‘व’चं अंतर आहे, कायद्यात मात्र तुरुंगाचं. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर तिची संमती असली तरी पालकांच्या ताब्यातून तिला नेणं हे कायद्याने अपहरण. तिथे बातमीत ‘इलोप्ड विथ अ मायनर’ लिहिणं म्हणजे गुन्ह्याला प्रेमकथेचा रंग देणं. पळवून नेणे याला ‘किडनॅप’ किंवा ‘अ‍ॅबडक्ट’, इलोप कधीच नाही.

इंग्लंडमध्ये या शब्दाला एक गावच मिळालं. १७५४पासून तिथे २१ वर्षांखालच्यांना लग्नासाठी पालकांची संमती लागायला लागली, स्कॉटलंडमध्ये लागत नव्हती. झालं, सीमा ओलांडली की लगेच लागणाऱ्या ग्रेटना ग्रीन या खेड्यात घोडागाड्यांची रीघ लागली आणि लोहाराच्या ऐरणीसमोर लग्नं लागू लागली. १८५६च्या कायद्याने जोडप्यापैकी एकाने तरी स्कॉटलंडमध्ये २१ दिवस राहिलेलं असावं अशी अट घातली आणि ही झटपट लग्नं आटोक्यात आली.

आजच्या अमेरिकी वापरात मात्र इलोपमधली चोरी गळत चालली आहे. आईवडिलांना सांगून, छायाचित्रकार ठरवून, डोंगरावर दोघांनीच केलेल्या लग्नालाही तिकडे ‘इलोपमेंट’ म्हणतात. म्हणजे आपल्या नोंदणी विवाहाच्या जवळ. तिकडे राहणाऱ्या भाचीने ‘वी आर इलोपिंग’ असा मेसेज पाठवला तर इकडे काकूने पदर डोळ्याला लावायचं कारण नाही. खर्च वाचवतायत एवढंच. आणि परिचारिकांनी लक्षात ठेवायचा आणखी एक अर्थ: अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत आणि रुग्णालयांत ‘इलोपमेंट रिस्क’ म्हणजे स्मृतिभ्रंश झालेला रुग्ण कुणाला न कळता बाहेर भटकण्याचा धोका. लग्नाचा तिथे सुतराम संबंध नाही. डॉक्टरांचा सल्ला डावलून, सांगून, सही करून निघून जाणारा रुग्ण यात मोडत नाही.

डिझर्ट म्हणजे जिथे असायला हवं ती जागा किंवा माणूस सोडणं. सैन्यात हा फरक काटेकोर आहे: १९५०च्या आर्मी अ‍ॅक्टमध्ये डिझर्शन कलम ३८मध्ये आणि रजेविना गैरहजेरी कलम ३९मध्ये आहे. दोघांमधली रेघ हेतूची. परत यायचंच नाही, किंवा नेमकी धोक्याची कामगिरी चुकवायची, असं ठरवून गेला तर डिझर्टर. रजा संपूनही चार दिवस गावच्या जत्रेला थांबला तर गैरहजर. हिंदू विवाह कायद्यात सलग दोन वर्षांचं डिझर्शन हे घटस्फोटाचं कारण आहे, आणि तिथे उंबरा ओलांडणाराच दोषी असं नाही. नवऱ्याने घरात राहणं अशक्य केलं म्हणून बायको माहेरी गेली, तर डिझर्शन त्याचं ठरू शकतं. उच्चारात क्रियापदाचा जोर शेवटी, ‘डिझर्ट’. वाळवंटाचा सुरुवातीला, ‘डेझर्ट’. जेवणानंतरच्या गोडाचा उच्चार मात्र क्रियापदासारखा, लिहिताना एक ‘एस’ जास्त.

बोल्ट म्हणजे दचकून एकदम सुसाट सुटणं. फटाका वाजला आणि बैल उधळला, तर ‘द बुल बोल्टेड’. माणसालाही चालतं: ‘बोल्टेड फॉर द डोअर’. पण ‘बोल्टेड द डोअर’ म्हणजे दाराला कडी लावली. एका ‘फॉर’मुळे दाराकडे पळणारा माणूस दार लावून बसतो. बियाण्यांच्या पाकिटावर ‘स्लो बोल्टिंग’ दिसलं तर तेही याच घराण्यातलं: कोथिंबीर, पालक, मुळा उन्हाच्या तडाख्याने पानं सोडून झटकन फुलोऱ्यावर येतात, त्याला बोल्ट होणं म्हणतात. मे महिन्यात कुंडीत कोथिंबीर लावणाऱ्याला हा अर्थ शब्दकोश न उघडता कळतो.

आणि ज्याच्यापासून सुरुवात झाली ते रन अवे. ‘मी रोज सकाळी पळायला जातो’ यातलं पळणं म्हणजे नुसतं ‘रन’. ‘अवे’ जोडलं की रोज सकाळी घर सोडून जाणारा माणूस तयार होतो. घरातून निघून गेलेल्या मुलासाठी हा शब्द बरोबर, आणि जबाबदारी झटकणाऱ्यासाठीही. ‘रन ऑफ विथ’ म्हटलं की पैसे किंवा दुसऱ्याचा जोडीदार. जोडून लिहिलेलं ‘रनअवे’ हे विशेषण मात्र लगाम सुटलेल्या कशालाही लागतं. बोरघाटात १ : ३७च्या उतारावर ब्रेक न लागता सुटलेली आगगाडी ‘रनअवे ट्रेन’, तिला अडवायला मुख्य मार्गाला लागून चढणीच्या कॅच साइडिंग बांधलेल्या आहेत. इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीत एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला तापवते, तो त्याच्या शेजारच्याला, आणि आग आवरेनाशी होते, ते ‘थर्मल रनअवे’. दोन्ही ठिकाणी मराठीत ‘पळून’ नको, ‘सुटलेली’ आणि ‘अनावर’ हवं.

इव्हेड, इल्यूड, अव्हॉइड यांत कुणी पळतच नाही, म्हणून थोडक्यात. अव्हॉइड म्हणजे टाळणे, त्यात गुन्हा नाही. इव्हेड म्हणजे चुकवणे, त्यात लबाडी आहे. कलमांतल्या सवलती घेऊन कर कमी करणं ‘टॅक्स अव्हॉइडन्स’. उत्पन्न दडवणं ‘टॅक्स इव्हेजन’. हे दोन शब्द उलटे पडले तर चार्टर्ड अकाउंटंट दचकतो. इल्यूड म्हणजे हुलकावणी देणे. झोप, यश, शब्द आपल्याला ‘इल्यूड’ करतात.

शेवटी ‘गेट अवे’. ‘द बॉईज गॉट अवे’ म्हणजे पोरं सटकली. ‘गॉट अवे विथ द मनी’ म्हणजे पैसे घेऊन सटकली. पण ‘गॉट अवे विथ कॉपीइंग’ म्हणजे कॉपी केली आणि पचली. इथे कुणी कुठे गेलेलं नाही. पोरगं त्याच बाकावर बसलेलं आहे आणि पर्यवेक्षक पुढच्या रांगेत पोचलेत.